दावं सोबत मिळणार नाही

नळदुर्गच्या बसस्टँडसमोर, पंक्चरवाल्याच्या पत्र्याला पाठ लावून माझं नेट सेंटर होतं. ‘होतं’ लिहिताना हात अडखळतो, कारण बंद करून अजून वर्षही झालेलं नाही. बोर्डावर ‘इंटरनेट, ई-मेल, वेबसाइट’ एवढंच लिहायला सांगितलं होतं, पण रंगाऱ्यानं आपल्या मनानं खाली लक्ष्मीची पावलंही काढून दिली. गावात मला कंप्युटरबाई म्हणत. आमचे हे हायस्कूलवर गणित शिकवायचे, तरी त्यांची ओळख कंप्युटरबाईंचे मिस्टर अशीच होती, आणि त्याचं त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही.

मी माहेरची तुळजापूरची. घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून. लग्नानंतर रोज एसटीनं सोलापूरला जाऊन कोर्स केला आणि सेंटर टाकलं. सासूबाईंचं म्हणणं एकच होतं, की त्याऐवजी शिवणयंत्र घेतलं असतं तर निदान घरातली झंपरं तरी निघाली असती.

आजच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही, पण नेट तेव्हा टेलिफोनच्या वायरीतून यायचं. मोडेम नावाची डबी आधी किंचाळायची, मग घसा खाकरायची, आणि नशिबात असलं तर जोडणी लागायची. मध्येच कुणाचा फोन आला की सगळं गेलं. म्हणून सासरच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना मी दिवसा फोन करू नका म्हणून कळवलं होतं. त्यातले निम्मे अजून रुसलेले आहेत.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. बारावीच्या निकालाच्या दिवशी बाहेर रस्त्यापर्यंत रांग असायची. मी बैठक नंबर टाकायची आणि पान उघडेपर्यंत बाप लोक माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, पडद्याकडे नाही. हैदराबादकडे जाणारा एक ट्रक ड्रायव्हर दर फेरीला थांबून आपला मेल बघायचा. त्याला मेल कधीच येत नसे. मी एकदा म्हटलं, कशाला उगीच पैसे घालवता? तर म्हणाला, काही आलेलं नाही म्हणजे घरी सगळं बरं आहे, एवढं बघायलाच येतो.

पण माझा खरा जीव वेबसाइट बनवण्यात होता. ते काम बाहेरून वाटतं तेवढं अवघड नसतं, किचकट मात्र असतं. साध्या अक्षरांत सूचना लिहायच्या: इथून जाड अक्षर सुरू, इथं बंद, इथं फोटो, इथं नवी ओळ. उघडलेली प्रत्येक खूण आठवणीनं बंद करायची. एक जरी उघडी राहिली तर पुढचं सगळं पान जाड अक्षरांत बोंबलत सुटायचं. मग त्या ढिगाऱ्यात सुटलेला टाका शोधत बसायचं. तो सापडला की जे सुख व्हायचं ते मी अजून कुणाला नीट समजावून सांगू शकलेले नाही.

माझ्या साइट म्हणजे दोन ढाबे, एक बँडपार्टी, एक मंगल कार्यालय आणि तात्यांच्या शेळ्या. बाकीच्या मी विसरले तरी चालेल.

तात्यांची वस्ती लोहाऱ्याच्या रस्त्याला, जीपनं अर्ध्या तासावर. आमच्या जिल्ह्याची काळीभोर शेळी लांबलांबपर्यंत नावाजलेली आहे आणि तात्यांकडच्या शेळ्या तर तेल लावल्यासारख्या चमकायच्या. पुण्याची गिऱ्हाइकं कंप्युटरवरनं मिळतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. एक दिवस पायातल्या वहाणा बाहेर काढून आत आले, मॉनिटरला मागून-पुढून बघितलं आणि म्हणाले, “बाई, तुमच्या ह्या डब्यात शेळ्या बांधता येत्यात का?”

मी म्हटलं, शेळ्या नाही, शेळ्यांचे फोटो येतात. त्यावर ते विचारात पडले. फोटोत दात कसे बघणार, कास कशी दाबणार, हे त्यांचे प्रश्न अगदी रास्त होते. पण शेवटी तात्या तयार झाले आणि पुढच्या रविवारी मी आमच्या ह्यांचा कॅमेरा, आत रोल घालून, वस्तीवर गेले.

विकायच्या चार शेळ्यांचे फोटो झाल्यावर तात्यांनी हाक मारली आणि त्यांची सून सविता एका पाचवीला घेऊन आली. कपाळावर पांढरा ठिपका, अंग ओलं पुसून काढलेलं, गळ्यात घुंगरू. तिचं नाव चांदणी. तिच्यामागं सवितेची मुलगी आशू, शेळीच्या पोटावर हात ठेवून. ती तेव्हा अजून शाळेत जात नव्हती. तात्या म्हणाले, हिचा फोटो सगळ्यांच्या वर लावा, मोठा. मी विचारलं, हीपण द्यायची? तर सविताच मध्ये बोलली, की ही घरची आहे.

मग चहा होईपर्यंत तिनं सांगितलं. आशू झाली आणि सविता आजारी पडली. सोलापूरच्या दवाखान्यात महिनेच्या महिने गेले. लेकरू इकडं वस्तीवर, आणि चांदणी तेव्हा पहिल्यांदाच व्यालेली. तात्या स्वतः धार काढायचे, दूध गाळून बोंडल्यानं नातीला पाजायचे. सविता बरी होऊन परत आली तेव्हा आशू तिच्याकडे येईना, रांगत जाऊन शेळीपाशी बसायची. हे सांगताना सविता हसत होती. “मला लई राग आला हुता बघा शेळीचा,” ती म्हणाली. “मग वाटलं, माझं काम हिनं केलं. हिच्यावर काय रागवायचं?”

आता घरच्या शेळीचा फोटो विक्रीच्या पानावर का, हे मला समजलं नाही, पण तात्यांच्या लेखी त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. बाजारात सगळ्यात देखणं जनावर पुढं बांधायचं असतं. त्याला बघून माणसं थांबतात आणि मागची जनावरं विकली जातात. पुढचं जनावर शोभेचं. कुणी विचारलंच तर हात जोडून म्हणायचं, ही द्यायची नाही. तात्यांनी उभा जन्म तसंच केलं होतं, आणि त्यांच्या मते हे पान म्हणजेही एक बाजारच होता.

साइट लागली त्या दिवशी ते मुद्दाम बघायला आले. फोटो तेव्हा वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचा. आधी बाभळीची फांदी आली, मग कान, मग तो पांढरा ठिपका. तात्या खुर्चीतून अर्धे उठले. इतक्यात जोडणी तुटली आणि चांदणी पोटापर्यंतच राहिली. तात्या कितीतरी वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “पाय राह्यले की वं बाई तिचं.” मी परत लाइन लावली आणि पाय येईपर्यंत ते उभेच होते.

बरेच दिवस काही झालं नाही. मग पुण्याहून एका साहेबांचा मेल आला. बँकेतून निवृत्त झालेले, गावाबाहेर थोडी जमीन घेतलेली, एक चांगली शेळी पाळायची हौस. तेव्हाचा ऑनलाइन धंदा म्हणजे फोटो तेवढा ऑनलाइन, बाकी सगळं पोस्टानं आणि एसटीनं. साहेबांनी शेळीच्या इसाराचा ड्राफ्ट रजिस्टरनं पाठवला. कुठली शेळी ते त्यांनीही लिहिलं नाही आणि तात्यांनीही विचारलं नाही. गिऱ्हाईक येतं आणि दाखवलेल्यातलं निवडतं, ह्यात विचारायचं काय? मी तर हवेत होते. माझ्या पानावरून शेळी विकली गेली, हे मी सासूबाईंना दोनदा सांगितलं.

साहेब आले ते सोलापूरपर्यंत रेल्वेनं, पुढं एसटीनं, आणि नळदुर्गात छोटा टेम्पो ठरवून. सरळ सेंटरवर आले. अतिशय सभ्य माणूस. त्या दिवशी सकाळीच मी मोडेमला लांब नवी वायर आणलेली होती, ती पिशवीतच राहिली आणि मी सेंटर बंद करून, पिशवी तशीच खांद्याला, त्यांच्याबरोबर वस्तीवर गेले. वाटेत ते मला शेळीपालनाच्या पुस्तकातलं सांगत होते.

वस्तीवर खाट टाकलेली होती. चार शेळ्या ओळीनं बांधलेल्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून घडी काढली. माझंच पान, कागदावर छापून आणलेलं. त्यांनी वरच्या फोटोवर बोट ठेवलं.

“ही,” ते म्हणाले. “हिच्यासाठीच आलो मी.”

बाजारात तात्यांनी हात जोडून सांगितलं असतं, की ही द्यायची नाही. पण पानाला तोंड नव्हतं. पान सगळ्यांना हीच दाखवत राहिलं होतं, आणि ते बघून एका भल्या माणसानं इसार पाठवला होता, आणि तो इसार तात्यांनी घेतला होता.

मी घाईघाईनं समजावायला लागले, तर तात्यांनी मला हातानंच थांबवलं. ‘द्यायची नाही’ असं न सांगता दाखवलं ते विकायला काढलं, असा त्यांचा कायदा. चूक कुणाची का असेना, इसार घेतल्यावर मागं फिरलेला माणूस त्यांच्या घराण्यात नव्हता. ते एवढंच म्हणाले, की साहेब, हिचं वय झालंय, दात बघून घ्या. साहेब नुसते हसले. विकणारा शेवटच्या घटकेला मुद्दाम असं बोलतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलं असणार.

तात्या उठले. चांदणीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. आशूला बोलावून तिच्या हातानं भाकरीचा तुकडा चारला. आशूला कळलं होतं की नाही कोण जाणे, ती शेळीचा कान धरून होती. मग तात्यांनी चांदणीच्या गळ्यातलं दावं सोडलं, गुंडाळलं आणि परत खुंटीला अडकवलं.

साहेब म्हणाले, दोरी?

आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. जनावर जातं, दावं राहतं, म्हणजे गोठा राहतो. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, हे इतकं सगळ्यांना ठाऊक असतं की ते पानावर लिहावं असं तात्यांना सुचलं नाही आणि मलाही नाही. साहेब तर दुकानातून वस्तू आणावी तसे आले होते. ते म्हणाले, मग उचलून टेम्पोत ठेवू. तात्यांनी मान हलवली. उचलून नेतात ते आजारी जनावर. धडधाकट शेळी दारातनं आपल्या पायांनी जाते.

“सूनबाई, शेजारनं एखादं कोरं दावं बघ,” तात्या म्हणाले.

सविता जागची हलली नाही. “कुणाकडं न्हाय, मामा,” ती म्हणाली.

मग साहेब स्वतःच निघाले. मी त्यांच्याबरोबर. आणि मंडळी, गुरांच्या त्या वस्तीत, जिथं खुंटीखुंटीला दावी लटकत होती, तिथं एकाही घरात साहेबांना दोरीचा तुकडा मिळाला नाही. एक म्हातारी दारातच चऱ्हाटावर धुणं वाळत घालत होती, ती म्हणाली, कालच तुटलं बघा. एक जण बैल सोडत होता, कासरा हातात, त्यानं खेदानं मान हलवली. सगळे अगदी अदबीनं बोलत होते. पाणी घेता का म्हणून विचारत होते. टेम्पोवाला नळदुर्गचा, वस्तीशी त्याचं काही नातं नाही. तोही म्हणाला, माझ्याकडं कुठला दोर? तो ताडपत्रीच्या दोराच्या वेटोळ्यावरच बसलेला होता.

परत येताना साहेबांनी मला विचारलं, तुमच्या पिशवीत काही आहे का हो?

मी म्हटलं, काही नाही.

आम्ही अंगणात आलो तर तात्यांनी अंबाडीचा वाख काढलेला. पाण्यात भिजवून, पिंजून, पेड वेगळे करत बसले होते. गावानं दावं दिलं नाही म्हणून शब्द मोडेल, ते तात्या नव्हेत. कोरं दावं, गोठ्यात न बांधलेलं, द्यायला हरकत नसते. ते वळून देणार होते.

दावं वळायला दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. सविता पाठ करून उभी होती. तात्यांनी आशूला हाक मारली आणि ती आली. तिनं दोन्ही मुठींत टोक धरलं, मागं रेलून, पाय रोवून. हे काम तिनं आधीही केलेलं दिसत होतं. तात्या मांडीवर पीळ देत होते, दावं हळूहळू लांबत होतं, आणि लांबेल तशी आशू एक एक पाऊल मागं सरकत होती. सरकता सरकता ती चांदणीला टेकली. शेळी मोकळीच उभी होती. कुठं जायचं तिला?

“आबा, घट वळा,” आशू म्हणाली. “न्हायतर गाडीतनं पडल ती.”

तात्यांचे हात थांबले नाहीत, पण त्यांचं तोंड मला बघवेना. मी साहेबांकडे पाहिलं. ते खाटेवर बसले होते, छापलेलं पान हातात तसंच उघडं.

“ही मुलगी तिला एवढी का...?” त्यांनी मला हळूच विचारलं. मी सवितेनं सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. बोंडल्याचंसुद्धा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तात्या,” ते म्हणाले, “दाखवलेल्यातलं कुठलंही मी निवडायचं, असंच ना?”

“व्हय. तुमचा हक हाय.”

“मग मी अजून निवडलेलं नाही.” ते उठले आणि ओळीतल्या शेवटच्या शेळीपाशी गेले. “ही निवडली. तुमचा शब्द राहिला, माझाही इसार राहिला.”

तात्यांनी दाव्याला शेवटची गाठ मारली. मग ते कोरं दावं त्यांनी आपल्या हातानं त्या दुसऱ्या शेळीच्या गळ्यात बांधलं आणि टोक साहेबांच्या हातात दिलं. सविता आत गेली आणि चहा घेऊन आली, चांदणीच्याच दुधाचा. साहेबांनी दोनदा मागून घेतला. निघताना शेळीला टेम्पोत चढायला लावलेली फळी बांधायला दोर लागला, तर टेम्पोवाल्यानं तो आपल्या बुडाखालून काढून दिला, आणि साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी तात्या सेंटरवर हजर. चांदणीच्या फोटोखाली लिहून घेतलं: ‘ही शोभेची आहे. द्यायची नाही.’ आणि पानाच्या तळाशी, जाड अक्षरात: ‘दावं सोबत मिळणार नाही. येताना आणावं.’ पुढं त्या पानावर पुष्कळ शेळ्या विकल्या गेल्या. लांबलांबची माणसं सेंटरवर यायची आणि आधी पिशवीतलं दावं काढून मला दाखवायची. साहेबांचा मेल यायचा, शेळी व्याली म्हणून, करडांचे फोटो. मी ते छापून वस्तीवर पाठवायची.

चांदणी गेली तेव्हा मी विचारलं, फोटो काढून टाकू का? तात्या म्हणाले, राहू द्या, तिथं कुठं ती म्हातारी होतीय. मग तात्याही गेले. आणि एक दिवस, नेटवरच्या ज्या फुकटच्या जागेवर मी माझी सगळी पानं ठेवली होती, ती जागा चालवणाऱ्यांनीच गाशा गुंडाळला. ढाबे, बँडपार्टी, चांदणी, सगळं एका दिवसात पुसलं गेलं. फ्लॉपीला बुरशी लागलेली. घर पडलं तर निदान दगड राहतात; माझ्या हातचं तसंही काही उरलं नाही. ह्याचं दुःख मला अजून आहे आणि ते मी लपवत नाही.

मोबाइल आले. सेंटर रिकामं होत गेलं, झेरॉक्सवर काही वर्षं रेटलं, आणि यंदा बंद केलं. भंगारवाला कंप्युटर न्यायला आला त्या दिवशी आशू सवितेला घेऊन बाजाराला आलेली. आता आशू स्वतः शेळ्या सांभाळते, फोनवर त्यांचे व्हिडिओ टाकते, दूरदूरची गिऱ्हाइकं करते. मला ती लहानपणापासून मावशी म्हणते. दारात उभी राहून बघत होती.

भंगारवाल्यानं जुनं मशीन उचललं. तेच, ज्याच्यावर चांदणी उतरली होती. मागं माउस लोंबकळत होता. आशू पुढं झाली, तिनं वाकून माउसची वायर मशीनमधून उपटली, कोपरावर घेऊन नीट गुंडाळली आणि माझ्या हातात ठेवली.

भंगारवाला कुरकुरला, की माउस नसलेला कंप्युटर पुढं घेणार कोण?

“ज्याला घ्यायचाय त्यो आपला घिऊन यील,” आशू म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “दावं देत नसत्यात, मावशी.”

तो माउस आता माझ्या स्वयंपाकघरात दारामागच्या खुंटीला आहे.